एपीटीच्या नकाशातला लाल रंग: प्रोटॉनची अदलाबदल किती, भास किती?

अनुनाद_शोधतेय

नमस्कार मंडळी. मी मेडिकल फिजिक्सची विद्यार्थिनी, सध्या ३ टेस्लाच्या एमआरआयवर काम शिकतेय. आमच्याकडे मेंदूच्या गाठींसाठी एपीटी (अमाइड प्रोटॉन ट्रान्सफर, प्रथिनांतल्या प्रोटॉनवर आधारलेली एमआरआयची पद्धत) नुकतंच सुरू झालंय. त्यामागचं सेस्टचं, म्हणजे प्रोटॉनच्या अदलाबदलीतून सिग्नल मिळवण्याचं तत्त्व मला ढोबळमानानं कळलंय. प्रथिनांच्या अमाइड गटातले प्रोटॉन पाण्याच्या प्रोटॉनशी सतत जागा बदलत असतात. अमाइडची वारंवारता पाण्यापासून ३.५ पीपीएमवर (दहा लाखांत ३.५ भाग), तिथे रेडिओ लहरींचा मारा करून ते प्रोटॉन सॅच्युरेट करायचे, म्हणजे त्यांचा सिग्नल मारायचा. ते पाण्यात मिसळले की पाण्याचा सिग्नल किंचित उतरतो. मग −३.५ च्या सिग्नलमधून +३.५ चा सिग्नल वजा करायचा आणि त्या असिमेट्रीचा रंगीत नकाशा काढायचा. इथवर ठीक आहे.

तीन ठिकाणी मात्र अडलंय.

एक: आमच्यातल्याच एका निरोगी सहकाऱ्याचा मेंदू स्कॅन केला. गाठ वगैरे काही नाही, तरी कपाळामागच्या सायनसच्या वर लालभडक पट्टा आला आणि त्याला चिकटून निळा. हा पट्टा एखाद्या रुग्णात गाठीशेजारी आला असता तर मी काय समजले असते, या विचारानं अस्वस्थ व्हायला झालं.

दोन: रंगपट्टी −५ ते +५ टक्क्यांची असते. हे टक्के नक्की कशाचे? लाल दिसलं की "प्रथिनं वाढली आहेत" असं म्हणतात, ते बरोबर आहे का?

तीन: आमच्या सरांना याच मशीनवर ग्लुटामेट बघायचंय. त्यांचं म्हणणं, ३.५ च्या जागी ३ पीपीएम टाक, बाकी सगळं तेच. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते नीट मांडता येत नाही.

चुंबकसूची

मी या कामात बरीच वर्षं आहे आणि तुझ्यासारख्या मुलांना शिकवतेही, म्हणून सरळ "तू" म्हणते.

पहिलं म्हणजे तो रंगीत नकाशा बंद कर. लाल पट्ट्यातला एक व्हॉक्सेल (प्रतिमेतला छोटा घन ठोकळा) घे आणि त्याचा झेड-स्पेक्ट्रम काढ. सॅच्युरेशनची वारंवारता −६ पासून +६ पीपीएमपर्यंत सरकवत न्यायची, प्रत्येक ठिकाणी पाण्याचा सिग्नल मोजायचा आणि सॅच्युरेशन नसतानाच्या सिग्नलनं भागायचं. शून्याच्या आसपास बिंदू दाट ठेव, पाव पीपीएमवर एक. लांब अर्ध्या पीपीएमनं चालेल. वेळ खातं, रोज रुग्णावर करण्याजोगं नाही, पण शिकताना ही पायरी गाळू नकोस. असिमेट्रीचा नकाशा या अख्ख्या आलेखातले फक्त दोन बिंदू घेऊन त्यांची वजाबाकी दाखवतो. बाकीचा आलेख काय सांगत होता ते त्यात कुठेच उरत नाही.

आता तुझा पट्टा. निरोगी ऊतीत आलेखाचा खोल तळ बरोबर शून्यावर पडायला हवा, कारण शून्य म्हणजे पाणी. सायनसमध्ये हवा, शेजारी ऊती, दोघांची ससेप्टिबिलिटी (चुंबकीय क्षेत्रात चुंबकित होण्याचा गुण) वेगळी; त्यामुळे तिथलं मुख्य क्षेत्र ढळतं आणि पाणी स्वतःच शून्यावरून सरकतं. समज ते +०.३ पीपीएमवर गेलंय. ३ टेस्लावर १ पीपीएम म्हणजे सुमारे १२८ हर्ट्झ, तेव्हा ही सरक जेमतेम ३८ हर्ट्झची. शिमिंग (क्षेत्र एकसारखं करणं) चांगलं असलं तरी सायनसजवळ एवढं सहज होतं. तू +३.५ वर मारा केलास, तो तिथल्या पाण्यापासून प्रत्यक्षात ३.२ वर बसला. −३.५ वरचा ३.८ वर बसला. जी बाजू पाण्याच्या जवळ गेली तिथे पाणी थेटच जास्त सॅच्युरेट होतं, म्हणजे + बाजूचा सिग्नल घसरला आणि − बाजूचा वर राहिला. वजाबाकी धन आली, पट्टा लाल झाला. यात अमाइडचा काडीचाही संबंध नाही. पाणी उलट दिशेला सरकलं की तोच भाग निळा. सायनसभोवती क्षेत्र दोन्हीकडे ढळतं म्हणून लाल आणि निळा शेजारी शेजारी येतात. अशी जोडी दिसली की मी दुसरं काही न बघता बी-झीरोचा, म्हणजे मुख्य क्षेत्राचा, नकाशा उघडते.

उपाय आहेत. २००९ मध्ये वॉसर नावाची पद्धत आली: अगदी कमी ताकदीचं, थोड्या वेळाचं सॅच्युरेशन देऊन शून्याजवळचा भाग मोजायचा. एवढ्या कमी ताकदीत अमाइड आणि मॅक्रोमॉलिक्युल जवळजवळ गप्प राहतात, फक्त पाण्याचा खळगा उमटतो, आणि त्याचा तळ कुठे आहे ते व्हॉक्सेलगणिक कळतं. मग प्रत्येक व्हॉक्सेलचा स्पेक्ट्रम तेवढा सरकवून घ्यायचा. वेगळा बी-झीरो नकाशा घेऊन ±३, ±३.५ आणि ±४ या मोजक्या बिंदूंमधून दुरुस्त किंमत काढली तरी चालतं. तुमच्या मशीनवर यातली कुठली दुरुस्ती होते, मुळात होते का, आणि ती किती हर्ट्झच्या सरकेपर्यंत टिकते, हे विचारून घे. ±४ पर्यंतच मोजलं असेल तर अर्ध्या पीपीएमपलीकडे सरकलेल्या व्हॉक्सेलची दुरुस्ती करायला तुझ्याकडे माहितीच नसते. तो व्हॉक्सेल नकाशात काळा करून टाकावा, रंगवू नये, असं माझं ठाम मत आहे.

टक्क्यांकडे येते. ते टक्के सॅच्युरेशन नसतानाच्या पाण्याच्या सिग्नलचे. अदलाबदलीचा वाटा किती असेल ते कागदावर काढता येतं, आणि प्रत्येकानं एकदा काढावंच. मेंदूतल्या मोकळ्या प्रथिनांमधल्या अमाइड प्रोटॉनची संहती साधारण ७२ मिलिमोलर धरतात. पाण्याच्या प्रोटॉनची सुमारे १११ मोलर. गुणोत्तर ०.०६५ टक्के. एवढ्याशा सिग्नलची पाण्याच्या प्रतिमेत दखलही घेता येणार नाही. पण हे प्रोटॉन सेकंदाला सुमारे ३० वेळा जागा बदलतात. हौदात बारीक नळानं रंग सोडत राहावं तसं हे आहे: नळ लहान असला तरी तो थांबत नाही, आणि हौद स्वच्छ करणारी एकच गोष्ट म्हणजे पाण्याचा टी-वन, म्हणजे त्याचं मॅग्नेटायझेशन पूर्ववत व्हायला लागणारा काळ. टी-वन १.३ सेकंद धरला तर ३० गुणिले १.३, म्हणजे जवळपास ३९ पट वाढ. ०.०६५ टक्क्यांचे झाले अडीच टक्के. ही पद्धत चालते ती या गुणाकारावर.

पण अडीच टक्के हे सॅच्युरेशन अनंत काळ चालू ठेवलं तर. २ सेकंद ठेवलं तर सुमारे २ टक्के येतात, ०.८ सेकंदच ठेवलं तर १.२ च्या आसपास. मेंदू तोच, प्रथिनंही तीच, आणि आकडा मात्र जवळजवळ निम्मा! म्हणून दोन वेगवेगळ्या स्कॅनरवरचे टक्के सेटिंग न बघता शेजारी ठेवू नयेत. २०२२ मध्ये ३ टेस्लावरच्या ब्रेन ट्यूमर एपीटीसाठी या क्षेत्रातल्या लोकांनी मिळून शिफारशी छापल्या: ताकद २ मायक्रोटेस्ला, सॅच्युरेशन ०.८ ते २ सेकंद, ड्यूटी सायकल (लहरी प्रत्यक्ष चालू असण्याचा वाटा) निदान ५० टक्के. तुमचा प्रोटोकॉल त्यात बसतो का ते तपास.

आणि हे झालं नुसत्या अमाइडचं गणित. वजाबाकीत इतरही मंडळी असतात. प्रथिनांच्या कार्बनवरचे प्रोटॉन −३.५ च्या आसपास एनओईचा (शेजारच्या प्रोटॉनकडे अदलाबदलीविना पोचणारा) परिणाम देतात, तो वजाबाकीत उलट चिन्हानं येतो. मायलिन आणि पेशींच्या आवरणांसारख्या घट्ट संरचनांमधून होणारं मॅग्नेटायझेशन ट्रान्सफर खूप रुंद पसरलेलं असतं, पण त्याचा मध्य पाण्यावर नसतो, थोडा ऋण बाजूला असतो. त्यामुळे तेही असिमेट्री तयार करतं. २ मायक्रोटेस्लावर निरोगी मेंदूत हे धन आणि ऋण वाटे जवळजवळ एकमेकांना खाऊन टाकतात आणि मेंदू शून्याच्या आसपास, हिरवट दिसतो. तिथून गाठ लाल होऊन वर येते. याच मेंदूवर १ मायक्रोटेस्ला वापर, एनओईचं पारडं जड होऊन निरोगी भाग ऋणात जाईल. शून्य दिसलं म्हणजे तिथे अमाइड नाहीत, असं बिलकूल समजू नकोस.

त्यात पीएचची भर. अमाइडच्या अदलाबदलीला हायड्रॉक्साइड आयन चालना देतात, त्यामुळे पीएच घसरला की वेग घटतो. झोऊ, व्हॅन झील आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये उंदरांच्या मेंदूवर हे दाखवलं आणि तिथूनच एपीटी सुरू झालं. त्यांच्या सूत्रात ७.१ पीएचला दर सेकंदाला २८ च्या आसपास येतो, ६.६ ला ९ च्या आत. रक्तपुरवठा तुटलेल्या भागात प्रथिनं तेवढीच असून सिग्नल उतरतो तो यामुळे. गाठीच्या पेशींमध्ये पीएच किंचित चढा असतो, मोकळी प्रथिनंही जास्त असतात, वर एनओई आणि घट्ट संरचना दोन्ही घटलेल्या असतात. सगळ्यांचं मिळून लाल होतं. तेव्हा रिपोर्टमध्ये "एपीटी सिग्नल वाढलेला आहे" एवढंच लिहावं. "प्रथिनं वाढली" हा त्याचा एक संभाव्य अर्थ आहे, आणि तो बाकीच्या प्रतिमा बघून लावायचा.

चरबीही लक्षात ठेव. तिची वारंवारता पाण्यापासून जवळपास −३.५ पीपीएमवरच येते, नेमकी तुझ्या वजाबाकीच्या दुसऱ्या पायावर. फॅट सप्रेशन कच्चं राहिलं तर डोक्याच्या त्वचेखालचा भाग गडद निळा येतो. मेंदूत त्याचा त्रास कमी, पण स्तन किंवा यकृतावर हेच करायला गेलीस तर पहिली लढाई चरबीशीच असते.

तिसऱ्या प्रश्नावर एनएमआरवाला दादांनी लिहावं, त्यांचा तो रोजचा विषय आहे.

एनएमआरवाला

ताईंनी बोलावलंय तर लिहितो. त्यांच्या पोस्टमधलं टक्क्यांचं गणित प्रत्येकानं वहीत उतरवून घ्यावं.

सरांना सांगा, ३ पीपीएम टाकून काम होणार नाही. ग्लुटामेटवरचे प्रोटॉन अमाइन गटातले आहेत, आणि शरीराच्या तापमानाला, ७ च्या आसपासच्या पीएचला ते सेकंदाला काही हजार वेळा जागा बदलतात. अमाइडचे ३० आणि हे हजारो. वेग जास्त म्हणजे परिणाम जास्त, असं आधी वाटतं. त्यात दोन अटी मोडतात.

पहिली अट: प्रोटॉन उडून जाण्याआधी तो सॅच्युरेट व्हायला हवा. किती टक्के होतो ते काढायला एक सोपं सूत्र आहे. लहरींच्या ताकदीचा वर्ग भागिले ताकदीचा वर्ग अधिक दराचा वर्ग, ताकद रेडियन प्रति सेकंदात घ्यायची. २ मायक्रोटेस्ला म्हणजे ८५ हर्ट्झ, म्हणजे ५३५ रेडियन प्रति सेकंद. अमाइडसाठी दर ३०, उत्तर जवळजवळ १०० टक्के. क्रिएटिनसाठी दर ९०० धरा, उत्तर २६ टक्के. ग्लुटामेटसाठी ५००० धरून बघा, १ टक्का. प्रोटॉनला पकडायच्या आत तो पाण्यात पसार झालेला असतो. ताकद ३.६ मायक्रोटेस्ला केली तरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास येतं. एवढ्या वेगाला हे सूत्र ढोबळच आहे, पण दिशा बरोबर दाखवतं. आणि ताकद वाढवली की पाण्याचं थेट सॅच्युरेशन वाढतं, रुग्णाच्या शरीरात जाणारी ऊर्जा ताकदीच्या वर्गानं वाढते.

दुसरी अट मला जास्त महत्त्वाची वाटते. दोन प्रकारचे प्रोटॉन वेगळे ओळखू यायचे असतील तर त्यांच्या वारंवारतेतला फरक अदलाबदलीच्या दरापेक्षा मोठा हवा. ३ टेस्लावर ३ पीपीएम म्हणजे ३८३ हर्ट्झ, म्हणजे २४०० रेडियन प्रति सेकंद. दर त्याहून मोठा, तेव्हा ग्लुटामेटची स्वतंत्र खूण पाण्याच्या खळग्यातच विरघळते. ७ टेस्लावर तोच फरक ५६०० होतो, आणि खेळ बरोबरीत येतो. ग्लुटामेटचं सेस्ट २०१२ मध्ये दाखवलं गेलं ते ७ टेस्लावरच्या माणसाच्या मेंदूत, ते यामुळे. सांध्याच्या कूर्चेतल्या ग्लायकोसामिनोग्लायकनचीही हीच गत. त्यांचे हायड्रॉक्सिल प्रोटॉन पाण्यापासून १ पीपीएमच्या आसपास; ७ टेस्लावर दिसतात, ३ टेस्लावर बी-झीरोची दुरुस्ती केल्यावर जवळजवळ काही उरत नाही.

मग ३ टेस्लावर वेगवान प्रोटॉनचा माग काढायचाच असेल तर स्पिन-लॉककडे बघा. इथे अमाइड, अमाइन असा पत्ता शोधत बसायचं नाही. पाण्याचं मॅग्नेटायझेशन लहरींनी एका दिशेत जखडून ठेवायचं आणि ते किती लवकर विरतं ते, म्हणजे आर-वन-रो, मोजायचं. लॉकची ताकद वाढवत नेली की अदलाबदलीचा वाटा दबत जातो आणि आर-वन-रो खाली येतो. तो किती ताकदीला खाली येतो त्यावरून दराचा अंदाज बांधता येतो. हजारोंच्या वेगासाठी हे फार छान बसतं. कोणता रेणू हे बरेचदा सांगता येत नाही, ही किंमत मोजावी लागते. माझ्या मते पद्धत निवडताना रेणूच्या नावाआधी त्याचा दर विचारावा. सावकाश असेल तर सेस्ट, वेगवान असेल तर स्पिन-लॉक, मधल्यांसाठी जास्त ताकद आणि मोठं चुंबक.

मधल्यांसाठी आणखी एक पद्धत आहे, फ्लेक्स. तिच्यात सॅच्युरेट करत नाहीत. प्रोटॉनवर त्यांच्या वारंवारतेची खूण थोड्या थोड्या वेळानं उमटवतात, पाण्यात ती खूण जमू देतात, आणि तो थोडा वेळ बदलत गेल्यावर पाण्याचा सिग्नल जसा हेलकावतो त्याचं फूरिए रूपांतर करतात. रुंद पसरलेला मॅग्नेटायझेशन ट्रान्सफरचा भाग पहिल्या काही क्षणांतच विरून जातो, म्हणून वेगळा काढता येतो. मला ही पद्धत मनापासून आवडते. स्कॅनरवर अजून ती फारशी रुळलेली नाही, एवढंच.

जाता जाता: हे सगळं एमआरआयवाल्यांचं नवं नाही. १९६३ मध्ये फोर्सेन आणि हॉफमन यांनी एनएमआरमध्ये एका गटाला सॅच्युरेट करून दुसऱ्यात होणारा बदल मोजला आणि त्यावरून अदलाबदलीचा दर काढला. वुल्फ आणि बालाबान यांनी १९९० मध्ये ते प्रतिमेत आणलं, आणि वॉर्ड, अलेट्रास, बालाबान यांनी २००० मध्ये त्याला सेस्ट हे नाव दिलं. विद्यार्थ्यांनी १९६३ चा लेख वाचावा. त्यातली समीकरणं तुम्ही आजही तशीच वापरताय.

पांढरं_करडं

मी रेडिओलॉजिस्ट. वरच्या दोघांनी भौतिकशास्त्र सांगितलंय, मी वाचनाच्या टेबलावरून दोन गोष्टी सांगतो.

एपीटी एकटं वाचू नका. टी-टू, फ्लेअर, कॉन्ट्रास्टनंतरचं टी-वन आणि एसडब्ल्यूआय (रक्तस्राव काळा दाखवणारी प्रतिमा) शेजारी उघडं हवंच. ताज्या रक्तस्रावात प्रथिनं ठासून भरलेली असतात, ते लाल येतं. प्रथिनयुक्त द्रवाची पिशवी असेल तीही लाल. मोठ्या रक्तवाहिनीतलं रक्तही कधी कधी लाल. यातलं काहीच गाठीचं घट्ट मांस नव्हे. एसडब्ल्यूआयवर काळं आणि एपीटीवर लाल एकाच जागी दिसलं की मी तो लाल गाठीच्या हिशेबात धरत नाही.

शस्त्रक्रियेनंतर लगेचच्या स्कॅनमध्ये पोकळीत हवा असते, कडेला धातूच्या क्लिपा असतात. ताईंनी सायनसबद्दल लिहिलंय ते तिथे दुप्पट लागू. अशा वेळी पोकळीच्या कडेचा लाल रंग मी वाचतच नाही.

मग हे हवं कशाला? किरणोपचारांनंतर काही महिन्यांनी जिथे कॉन्ट्रास्ट उजळतो, तिथे गाठ परत आलीय की किरणांनी ऊती मेल्यात, हा प्रश्न आमच्याकडे रोजचा. कॉन्ट्रास्ट दोन्हीत उजळतो, कारण तो फक्त रक्त-मेंदू अडथळा फुटल्याचं सांगतो. जिवंत, दाट पेशींच्या गाठीत एपीटी चढं राहतं, मेलेल्या ऊतीत बहुधा उतरलेलं असतं. २०११ मध्ये उंदरांवर हे स्पष्ट दाखवलं गेलं, माणसांतही हा फरक उपयोगी पडतो. मी निर्णय एकट्या एपीटीवर सोडत नाही, पण परफ्युजन (रक्तप्रवाहाची प्रतिमा) आणि एपीटी दोन्ही एकाच बाजूला बोट दाखवत असतील तर न्यूरोसर्जनशी माझं बोलणं वेगळं होतं. गॅडोलिनियम, म्हणजे कॉन्ट्रास्टचं औषध, न टोचता हे मिळतं, हा आणखी एक फायदा; मूत्रपिंड अधू असलेल्या रुग्णात तो मोठा असतो.

म्हणून तुमच्यासारख्या मुलीनं निरोगी माणसाच्या नकाशातला लाल पट्टा बघून प्रश्न विचारला, याचा मला आनंद वाटतो. आम्हाला तो पट्टा आधीच पुसून मिळायला हवा.

अनुनाद_शोधतेय

तिघांचेही मनापासून आभार. चुंबकसूची ताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. पट्ट्यातल्या व्हॉक्सेलमध्ये पाण्याचा तळ खरंच शून्यावर नव्हता, +०.३५ च्या जवळ होता. शेजारच्या निळ्या भागात −०.२. वॉसर घेऊन स्पेक्ट्रम सरकवल्यावर दोन्ही रंग जवळपास गेले. आमच्या प्रोटोकॉलमधली दुरुस्ती बंद ठेवलेली होती हेही कळलं, ती आता चालू केलीय. आणि टक्क्यांचं गणित वहीत उतरवलंय.

सरांना ग्लुटामेटचे दोन्ही आकडे दाखवले. त्यांनी ते शांतपणे बघितले आणि "स्पिन-लॉक बसवता येतं का बघ" म्हणाले.

आता उरलेलं. एका रुग्णाच्या नकाशात मेंदूच्या डाव्या कडेला बारीक लाल रेघ आहे आणि उजव्या कडेला निळी. तिथे बी-झीरो व्यवस्थित आहे, फॅट सप्रेशनही. हे काय असावं? आणि दुसरं, अदलाबदलीचा दर स्वतः मोजून बघायचा असेल तर फँटम (चाचणीसाठीचा कृत्रिम नमुना) कशाचा करू?

चुंबकसूची

रेघेचं आधी. एका कडेला लाल, समोरच्या कडेला निळी, मध्ये काही नाही: डोकं हललंय. +३.५ आणि −३.५ च्या मोजण्यांमध्ये मान मिलिमीटरभर जरी वळली, तरी कडेवर मेंदूतून मेंदूबाहेरचं वजा होतं. सगळ्या प्रतिमा एकमेकींवर नीट बसवून मग वजाबाकी कर. बसवताना शून्याजवळच्या प्रतिमा आधार म्हणून घेऊ नकोस; त्यांत पाण्याचा सिग्नल इतका पडलेला असतो की सॉफ्टवेअर भलतीकडेच सरकवतं. सॅच्युरेशन नसलेल्या किंवा ३.५ च्या आसपासच्या प्रतिमा आधाराला घे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोमच्या उशा घट्ट बसवल्या तर मुळात निम्मं काम होतं.

फँटमसाठी क्रिएटिन घे. ५० मिलिमोलरचं द्रावण, चार-पाच नळ्या, प्रत्येकीचा पीएच वेगळा, ६ पासून ७.२ पर्यंत. सगळ्यांत एकच बफर आणि त्याची संहतीही तीच ठेव, कारण फॉस्फेट स्वतः अदलाबदलीला चालना देतं. ते नळीगणिक बदललं तर तू पीएचचा परिणाम मोजतेयस की फॉस्फेटचा, हे कळणार नाही. एक नळी नुसत्या बफरची ठेव, तिच्यात असिमेट्री शून्य यायलाच हवी. तापमान मोजून लिहून ठेव. खोलीच्या तापमानाला दर ३७ अंशांपेक्षा बराच कमी येतो, आणि लांबलचक स्कॅनमध्ये लहरींनी नळ्या तापतात, म्हणून शेवटी पुन्हा मोज.

क्रिएटिनचा खळगा १.९ पीपीएमच्या आसपास दिसेल. सॅच्युरेशन लांब ठेव, शक्य असेल तेवढं सलग, आणि ताकद बदलत जा: १, १.५, २, ३, ४ मायक्रोटेस्ला. मग ओमेगा प्लॉट काढ, डिक्सन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलेला. आडव्या अक्षावर एक भागिले ताकदीचा वर्ग, उभ्या अक्षावर उरलेला सिग्नल भागिले गेलेला सिग्नल. बिंदू एका रेषेत यायला हवेत. ती रेषा मागे वाढवून आडव्या अक्षाला जिथे छेदते तिथून दर मिळतो, संहती माहीत नसली तरी. गेलेला सिग्नल काढताना +१.९ ची तुलना −१.९ शी कर, नाहीतर ३ टेस्लावर पाण्याचं थेट सॅच्युरेशन त्यात मिसळतं आणि जास्त ताकदीचे बिंदू रेषेतून बाहेर पडतात. पडलेच तर ते गाळून टाकू नकोस. त्याच नळीचं ब्लॉख–मॅकॉनेल समीकरणांनी (अदलाबदल धरून मॅग्नेटायझेशन कसं बदलतं ते सांगणारी) सिम्युलेशन कर आणि बिंदू तिथेही तसेच वाकतात का ते बघ.

आलेख काढलास की इथे टाक. प्रत्येक नळीचा पीएच आणि तापमान सोबत लिही, म्हणजे एनएमआरवाला दादांनाही बघता येईल.

एनएमआरवाला

पीएच मोजणीच्या दिवशीच मोजा, द्रावण केलं त्या दिवशीचा आकडा चालणार नाही. क्रिएटिन पाण्यात ठेवलं की हळूहळू क्रिएटिनिन होत जातं, आणि आम्ल बाजूला ते जास्त वेगानं होतं. ६ पीएचची नळी ताजीच करा.